आयची कॅसेट

मला माझ्या आयचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, लुगड्याखालून दिसणाऱ्या तिच्या भेगाळलेल्या टाचा आठवतात, तिच्या हाताला येणारा मसाल्याचा वास तर मी आजही डोळे मिटून ओळखेन. तिची वाक्यंसुद्धा आठवतात. पण ती मनात म्हणून बघितली की माझ्याच आवाजात येतात. कधीतरी, मला न कळता, आयचा आवाज निघून गेला आणि त्याच्या जागी माझा येऊन बसला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातली चादर तशीच ओली धरून मी बराच वेळ प्रयत्न केला. नाही आला.

तरी मी फार घाबरले नव्हते, कारण माझ्याकडे कॅसेट होती.

आम्ही अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या गावठाणातले. धर्माने ख्रिस्ती, बोलायला मराठी, आणि चर्चला देऊळ म्हणणारे. बाहेरच्यांना याचं अजून नवल वाटतं. नर्सिंगच्या दिवसांत मैत्रिणी विचारायच्या, "तुम्ही घरी इंग्लिश बोलता ना?" मी म्हणायचे, "हो, कोंबड्यांशीसुद्धा." डॅडी लवकर गेले. आयने भाजी विकून आणि लोकांच्या लग्नांत फुगे तळून मला आणि माझ्या धाकट्या भावाला वाढवलं. फुगे म्हणजे आमच्याकडचे पिठाचे गोल, पोकळ, तळलेले गोळे. लग्न असो की बारसं, फुग्यांशिवाय आमचं पान हलत नाही. पुढे मी नर्स झाले आणि आखातात गेले. आमच्या गावठाणात तेव्हा घरटी एक माणूस तरी बाहेर असायचं, आखातात नाहीतर बोटीवर.

पहिल्या मोठ्या सुट्टीला येताना मी व्हिडिओ कॅमेरा आणला. खांद्यावर घ्यायचा धोंडा नव्हे, हातात मावणारा, मुठीएवढ्या कॅसेटचा. त्या मे महिन्यात मी आयच्या मागे मागे फिरत तिचं शूटिंग केलं. ती मसाला कांडायला बसलेल्या बायकांवर ओरडतेय. ती विहिरीच्या कठड्याला टेकून शेजारणीला कोणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची हकिगत सांगतेय. मी फारच मागे लागले म्हणून हळदीच्या वेळी म्हणायची जुनी गाणी म्हणतेय, मध्येच शब्द विसरतेय आणि विसरल्याचा राग माझ्यावर काढतेय. सगळी कॅसेट आयनेच भरली. मी तिच्यावर बॉलपेनने "आय" एवढंच लिहिलं आणि कॅमेरा घरीच ठेवून परत गेले. तिकडे नेऊन मी कोणाचं शूटिंग करणार होते, पेशंटचं?

वर्षभराने आय गेली. अचानक, दुपारी, देवळातून आल्यावर. मला रजा मिळाली नाही. पासपोर्ट हॉस्पिटलच्या ताब्यात, वॉर्डात माणसं कमी, आणि वरच्या बाईंचं म्हणणं असं की पोचेपर्यंत दफन झालेलंच असेल, मग जाऊन करणार काय. मी त्यांना काही बोलले नाही. आजही रस्त्यात दिसल्या तर बोलेन.

आमच्यात एक रीत होती. मयताचं शूटिंग करायचे. बाहेरगावच्या मुलाबाळांना शेवटचं तोंड दिसावं म्हणून सगळा सोहळा कॅमेऱ्यात घ्यायचे आणि कोणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर कॅसेट पाठवून द्यायचे. आमच्या नर्सेसच्या बिल्डिंगमध्ये अशी कॅसेट आली की सगळ्याजणी त्या मुलीच्या खोलीत जमायच्या. मेणबत्ती लावायची, रोझरीची प्रार्थना म्हणायची, मग टीव्ही चालू करायचा. एका रडणाऱ्या मुलीचा हात धरून आम्ही टीव्हीवर तिच्या बापाला मातीत जाताना बघायचो आणि मग चहा व्हायचा. मला तो प्रकार अजिबात आवडायचा नाही. पण आय गेली तेव्हा मी आपल्या कॅसेटची वाट बघितली. भावाने फोनवर सांगितलं, "नाय आली गं रेकॉर्डिंग. मामाने घेतली होती, बॅटरी बसली." आमचा मामा, म्हणजे आयचा भाऊ, तेव्हा गावठाणात सगळ्यांचे फोटो काढायचा. मी म्हटलं, बरं झालं. खरंच मला तेव्हा बरं वाटलं. माझ्याकडे जिवंत आयची कॅसेट होती, मला मेलेल्या आयची नको होती.

पुढच्या सुट्टीला आले तेव्हा कॅमेरा बिघडलेला होता. त्याच्या पुढच्या सुट्टीला तो कोणीतरी दुरुस्तीला नेऊन परतच केला नव्हता. कॅसेट कुठे आहे विचारलं की भाऊ म्हणायचा, "आहे गं वर कुठेतरी, जाते कुठे." मग माझं लग्न, मुलं, नवऱ्याचं आजारपण आणि जाणं. माणूस नोकरी करत असतो तेव्हा त्याला वाटतं की ठेवलेल्या वस्तू ठेवलेल्याच राहतात. निवृत्त होऊन मी कायमची परत आले, तेव्हा आमचं बैठं घर पाडून बिल्डिंग व्हायचं ठरलं होतं आणि भाऊ, वहिनी आणि मी सामान बांधत होतो. ख्रिसमसच्या गोठ्याचं खोकं उघडलं. गवत, मेंढ्या, एक पाय तुटलेला उंट, आणि उंटाच्या खाली माझ्या अक्षरातली "आय".

मी तिथेच फरशीवर बसले आणि लहान मुलीसारखी हसत सुटले.

भाऊ काही हसला नाही. म्हणाला, "फंगस लागलं असणार बाय." आमच्यात मोठ्या बहिणीला बाय म्हणतात, आणि त्याचं ऐकून मामा-मावशीसुद्धा मला बायच म्हणायचे.

"लागू दे. साफ करतात आता."

"कशाला उगाच? आता प्लेअर तरी मिळतो का कुठे?"

"मिळतो. साकीनाक्याला एकजण आहे, सगळं मोबाइलवर घालून देतो."

"फोटो आहेत ना तिचे."

"फोटो बोलतात का?"

तो मेंढ्या मोजल्यासारख्या परत खोक्यात ठेवत बसला. मला त्याचा राग आला. वाटलं, घर पाडायची घाई झालीय, आता याला आयचंही काही नको झालंय. तसं मी बोलूनही दाखवलं. त्याने वर बघितलं, काहीतरी बोलणार होता, पण वहिनीने चिकटपट्टी मागितली आणि तो उठून गेला.

साकीनाक्याचं ते दुकान एका इंडस्ट्रियल गाळ्याच्या पोटमाळ्यावर होतं. खाली पत्रे कापायचं मशीन, वर हा माणूस आणि त्याचे जुने प्लेअर. भिंतीला लावून टीव्ही, व्हीसीआर, कॅमेरे, नुसतं वायरींचं जंगल. साधारण माझ्या भावाच्या वयाचा, मूळचा मालवणकडचा, बोलायला गोड आणि कामाला सावकाश. त्याने कॅसेटचं झाकण उचलून आतली फीत उजेडात धरली. कडेला पांढरे ठिपके होते.

"फंगस आहे मॅडम. पण सगळीकडे नाय. साफ करून बघूया. किती वर्षं झाली?"

"पुष्कळ."

"काय आहे आत? लग्न?"

"आई आहे."

त्याने मान हलवली आणि कॅसेट हातरुमालात ठेवावी तशी एका मऊ कपड्यात ठेवली. म्हणाला, "माझ्याकडे आलेल्या निम्म्या कॅसेटमध्ये कोणाची ना कोणाची आई असते. लोक लग्न म्हणून देतात, मागून बघतात आईला."

आठवड्याभराने त्याचा फोन आला की फीत साफ झाली, चित्र येतंय. "पण एकदा चालवून तुम्हीच बघा मॅडम. मी थोडंच बघितलं. तुम्ही या." त्याच्या बोलण्यात काहीतरी अडखळत होतं, पण माझं लक्ष नव्हतं. मी भावाला चल म्हटलं. तो म्हणाला, पाय दुखतोय. मी एकटीच रिक्षा केली. जाताना नवा ड्रेस घातला होता, हे सांगायला आता लाज वाटते. आयला भेटायला चालले होते ना.

त्याने मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि समजावून सांगितलं की फीत चालू केली की ती मुळात जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ लागतो. ती इकडे चालत राहते आणि तिकडे कॉम्प्युटर ते टिपून घेत जातो. पुढे पळवता येत नाही. "पळवली तर काही येत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "पळवायचीय कोणाला?"

निळा पडदा. मग रेघा. मग आमचं घर.

दार दिसलं, पडवी दिसली, पडवीत पुष्कळ माणसं दिसली. मला वाटलं, मसाल्याचा दिवस. पण पुरुष होते, आणि काळे कोट होते. कॅमेरा दारातून आत गेला. आतली कॉट नव्हती. त्या जागी दोन स्टुलांवर पेटी होती, आणि पेटीत आय होती.

मला एका क्षणात कळलं. सगळंच कळलं. तरी मी त्या माणसाला म्हटलं, "ही माझी कॅसेट नाही. माझी दुसरी आहे."

त्याने प्लेअरचं झाकण दाखवलं. "एकच लावलीय मॅडम. वर नाव तेच आहे." आणि जरा थांबून, "वरून रेकॉर्डिंग झालंय. खालचं जातं मग. बंद करू?"

त्याचा हात बटणावर होता. खाली पत्र्याचं मशीन चालू होतं. मी आयुष्यभर मेलेली माणसं बघितली, त्यांचे डोळे मिटले, हनुवटीला पट्टी बांधली, नातेवाइकांना खुर्ची दिली. आता मी खुर्चीत होते. मी म्हटलं, "चालू दे."

मग मी माझ्या आयच्या मयताला हजर राहिले.

मामाचा आवाज अगदी माझ्या कानाशी होता, कॅमेरा त्याच्याच हातात होता ना. तो सारखा माझ्याशी बोलत होता. "बाय, बघ गो. बघ, झोपलीय तशी दिसते कं नाय? काय पण त्रास नाय झाला तिला." मग मावशीचा आवाज, "कॅमेरा इकडं आण रे. पोरीला नीट दिसू दे. हात दाखव तिला, हात." आणि आयचे हात दिसले, बोटांत रोझरीची माळ गुंडाळलेली, नखांत हळद राहिलेली. कोणीतरी तिच्या लुगड्याची टाचेपर्यंतची घडी सारखी करून तिचे पाय दाखवले. मला सगळं दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं. काही राहू नये म्हणून घरातली माणसं एकमेकांना सूचना देत होती. एकेकजण येऊन पेटीशी उभा राहायचा, आयकडे बघायचा आणि मग वळून माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघायचा. शेजारीण म्हणाली, "तू रडू नको हां तिकडं एकटी. जेवून घे." भाऊ तर ओळखूच येईना, इतका बारीक आणि इतका पोरगा. कॅमेरा त्याच्यावर आला की तो मान फिरवायचा.

पेटी बंद करायच्या आधी घरचे लोक कपाळाचा शेवटचा मुका घेतात. भावाने घेतला, मावशीने घेतला. मग मामा म्हणाला, "बायचा राहिला." आणि पडद्यावर आयचं कपाळ जवळ यायला लागलं. जवळ, आणखी जवळ. सुरकुत्या दिसल्या, कुंकवासारखा एक जुना डाग होता तो दिसला, मग सगळं धूसर झालं, मग काळोख. मामाने कॅमेऱ्याची काच तिच्या कपाळाला टेकवली होती. काळोखात त्याचा आवाज आला, "घे, पोरी."

मी दुकानात सगळ्यांदेखत रडले. सगळ्यांदेखत म्हणजे त्या एका माणसादेखत. तो उठून जिन्यावर जाऊन उभा राहिला.

पुढे बँड होता, देऊळ होतं, फादरांचं लांबलचक प्रवचन होतं. त्यात आयला त्यांनी सद्गुणी स्त्री म्हटलं. आयने ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती. मग सिमेत्री, आमची दफनभूमी. भावाने मूठभर माती टाकली. मामाने विचारलं, "बायची?" भावाने पुन्हा वाकून दुसरी मूठ घेतली, कॅमेऱ्याकडे एकदाच सरळ बघितलं आणि टाकली. इतक्या वर्षांत त्याने मला हे सांगितलं नव्हतं. मी फोनवर त्याच्यावर किती चिडले होते, मला न विचारता पुरलंत म्हणून.

मामाला त्यानंतर आवरलं नसावं. जमीन दिसली, त्याच्या चपला दिसल्या आणि चित्र तुटलं.

तो माणूस आत आला होता. "संपलं नाय मॅडम," तो हळूच म्हणाला. "फीत उरलीय. उरलेल्यात जुनं असू शकतं. असेलच असं नाय."

रेघा आल्या. फरफर आवाज आला. आणि त्या फरफरीतून सकाळचं ऊन असलेलं आमचं स्वयंपाकघर बाहेर आलं, आणि ऊन अंगावर घेऊन आय उभी होती.

जिवंत. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, हातात लोणच्याची बरणी. बरणीच्या तोंडाला ती फडकं बांधत होती. मी खुर्चीच्या कडेला आले. माझं सगळं शरीर कान झालं होतं. आवाज आला, पण माझा. तरुण, जरा लाडात आलेला माझा आवाज. "आय, इकडे बघ. टॅक्सी आली बघ. बोल ना काहीतरी."

मी परत निघाले ती सकाळ होती. मी हे घेतलं होतं हेच विसरले होते.

आयने मान हलवली. नाही.

"एकच वाक्य. मी तिकडे ऐकेन ना."

तिने बरणीकडे बोट केलं, मग माझ्या बॅगेकडे. उभी ठेव, आडवी नको, असं हाताने सांगितलं.

"आय, तोंडाने बोल गं. हातवारे काय करतेस?"

तिने ओठ घट्ट मिटले होते. तेव्हा मला ते हट्टीपणाचं वाटलं असणार. आता मी नर्स म्हणून आणि आई म्हणून तो चेहरा बघत होते. तोंड उघडलं असतं तर शब्द नसते आले, हंबरडा आला असता, आणि लेकीला तशी रडून पाठवायची नाही एवढं तिने ठरवलं होतं. तिने बरणी खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि चालत माझ्याकडे आली. तिचा हात मोठा होत कॅमेऱ्याकडे आला आणि तिने तो खाली केला. शहाबादी फरशी, तिची पावलं, माझ्या नव्या सँडल. "बोल ना गं," मी म्हणतेय. आणि फीत संपली.

त्या माणसाने ते शेवटचं पुन्हा लावून दिलं. मग पुन्हा. आवाज वाढवून बघितला. फरफर वाढली, माझा आवाज वाढला. आयचा श्वास तरी ऐकू येतो का म्हणून मी स्पीकरला कान लावला. नाही आला.

घरी, म्हणजे बिल्डिंग होईपर्यंत घेतलेल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर, पोचले तेव्हा भाऊ दारातच बसला होता. पाय दुखत असलेला माणूस दारात कशाला बसेल. माझं तोंड बघून तो म्हणाला, "बघितलंस."

"तुला माहीत होतं."

"हो."

"बॅटरी बसली म्हणालास. इतकी वर्षं."

"काय सांगू मग? तू तिकडे रजा नाही म्हणून डोकं आपटत होतीस. त्यात सांगू, की तुझ्यासाठी मयत घेतलं आणि तेवढ्यासाठी आयला पुसून टाकलं? मामाला तर तो मरेपर्यंत मी नाय सांगितलं. त्याला वाटत होतं, त्याने पोरीचं केवढं काम केलं."

"पण बघायचं ना आधी, आत काय आहे. कॅसेट भरलेली होती. दुसरी घालायची."

"मामाला कुठे माहीत होतं? कॅमेऱ्यात कॅसेट होती, पहिल्यापासून लागेल अशी फिरवलेली होती. त्याने बटण दाबलं."

"पहिल्यापासून कशी? मी तर शेवटपर्यंत भरून ठेवली होती. मी उलटी फिरवली नव्हती."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आयने फिरवली."

आम्ही भाड्याने कॅसेट आणायचो त्या दिवसांत, फिरवून परत दिली नाही तर दुकानदार दंड घ्यायचा. आयला तेवढंच एक त्यातलं कळत होतं: बघून झालं की फिरवून ठेवायची. भावाने तिला कॅमेरा टीव्हीला जोडायला शिकवलं होतं. पिवळी वायर पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात. मी गेल्यापासून संध्याकाळी भाजीची टोपली खाली ठेवली की हातपाय धुऊन ती कॅसेट लावायची. आणि झाल्यावर, न चुकता, पहिल्यापासून करून ठेवायची. गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीही तिने तेच केलं होतं.

"स्वतःला बघत बसायची?" मी विचारलं. मला खरंच कळलं नाही.

"स्वतःला कशाला बघेल? ती टीव्हीकडे बघायची पण नाय. तांदूळ निवडत बसायची. तुझा आवाज आहे ना त्यात. तू सारखी विचारतेस, आय हे काय, आय ते सांग, आय बोल ना. आणि ती बोलायची."

"म्हणजे?"

"टीव्हीला उत्तर द्यायची. तू म्हणालीस बोल ना, की ही सुरू. नळाला पाणी किती वाजता आलं, कोणाच्या घरी पोरगी झाली, माझा पगार, तुझ्या वहिनीशी माझी सोयरीक तेव्हा चालली होती ते, सगळं. शेवटचं ते टॅक्सीचं असतं ना, ते लागलं की तर जास्तच. तू म्हणायचीस बोल गं, आणि ती म्हणायची, थांब, सांगते, थांब. कॅसेट संपून जायची, टीव्ही निळा व्हायचा, तरी तिचं चालूच. मी कामावरून यायचो तर वाटायचं, घरात कोणी आलंय."

मी भिंतीला टेकून खाली बसले. तोही शेजारी बसला. वहिनीने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली. माझ्या फोनमध्ये आता सगळं होतं, पेटी, बँड, माती आणि ओठ मिटून उभी असलेली आय. आणि आय जे काही बोलली होती, रोज, माझ्याशी, ते त्या पाडलेल्या घरात बोलली होती.

खूप वेळाने मी त्याला म्हटलं, "कशी बोलायची रे? म्हणून दाखव ना. ते, थांब सांगते, ते कसं म्हणायची?"

त्याने घसा साफ केला. तोंड उघडलं. एकदा मान हलवली, पुन्हा उघडलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते. मग त्याने डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाला, "नाय येत गं बाय. मला पण नाय आठवत."